लघुसंदेशातील प्रश्न आणि असमाधानकारक उत्तरे : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

इ. स. २००३ ते २०१६ या कालखंडात भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाद्वारे, म्हणजेच एसएमएसद्वारे, कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देऊ करणाऱ्या सेवा जगाच्या निरनिराळ्या भागांत उदयास आल्या आणि बहुतांशी लयासही गेल्या. या सेवांनी दिलेली उत्तरे प्रश्नकर्त्यांस पुष्कळदा समाधान देऊ शकली नाहीत. उत्तर देणाऱ्याचे अज्ञान हे त्याचे कारण म्हणून सामान्यतः सांगितले जाते. प्रस्तुत निबंधात ब्रिटन, अमेरिका, युगांडा आणि भारत येथील सेवांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, या माध्यमाच्या रचनेत प्रतिप्रश्नास जागा नव्हती आणि असमाधानाचे प्रमुख कारण तेच होते. मराठीसारख्या भाषेच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र कशी झाली, याचाही विचार येथे केला आहे.

बीजशब्द : लघुसंदेश, प्रश्नोत्तर सेवा, प्रतिप्रश्न, संदर्भसेवा, कृषिविषयक माहिती, देवनागरी.

प्रस्तावना

माहिती-तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यशस्वी शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जी साधने अल्पकाळ वापरात राहिली आणि नंतर विस्मृतीत गेली, त्यांची नोंद घेण्याची आवश्यकता इतिहासकारास सहसा वाटत नाही. वस्तुतः समाजाने कशाची अपेक्षा केली आणि त्याच्या पदरात काय पडले, यांतील अंतर अशाच साधनांच्या अभ्यासातून स्पष्ट होते. लघुसंदेशावरील प्रश्नोत्तर सेवा हे याचे एक बोलके उदाहरण होय.

आज ज्यांच्या हाती इंटरनेटयुक्त स्मार्टफोन आहे, त्यांना या सेवांचे महत्त्व कदाचित उमगणार नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र साध्या भ्रमणध्वनीवर इंटरनेट एकतर उपलब्ध नसे किंवा महाग व संथ असे. अशा वेळी ठरावीक क्रमांकावर प्रश्न पाठवावा आणि काही मिनिटांत उत्तर यावे, ही कल्पना अभूतपूर्व वाटली. ग्रंथालयापासून, तज्ज्ञापासून, वैद्यापासून दूर असलेल्या माणसाला ज्ञानाचे दार उघडेल, अशी आशा तिच्यामागे होती. ही आशा कितपत फलद्रूप झाली, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे आणि व्याप्ती

१) लघुसंदेशावरील प्रश्नोत्तर सेवांच्या उदयास्ताचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) उत्तरे असमाधानकारक ठरण्याची कारणे शोधणे.
३) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, परिस्थितीच्या संदर्भात या कारणांची तपासणी करणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मतदान, स्पर्धा, विनोद, ज्योतिष इत्यादींसाठी वापरल्या गेलेल्या लघुसंदेश सेवांचा समावेश येथे केलेला नाही. तुलनेसाठी आवश्यक तेथे लेखी व मौखिक स्वरूपाच्या अन्य सेवांचा विचार केला आहे.

पूर्वपरंपरा : पत्र, ग्रंथालय आणि प्रतिप्रश्न

अपरिचित माणसास प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, हा व्यवहार भ्रमणध्वनीपेक्षा पुष्कळ जुना आहे. लंडन येथे जॉन डंटन या ग्रंथविक्रेत्याने १६९१ साली ‘अथेनियन मर्क्युरी’ हे नियतकालिक सुरू केले. वाचकांनी टपालाने प्रश्न पाठवावेत, आपले नाव गुप्त ठेवावे आणि विद्वानांच्या मंडळाने छापील उत्तर द्यावे, अशी त्याची योजना होती. धर्म, विज्ञान, विवाह, भुतेखेते असे नाना प्रकारचे प्रश्न तेथे आले. ज्या ‘अथेनियन सोसायटी’च्या नावाने उत्तरे दिली जात, ती मोठी विद्वत्सभा असल्याचा वाचकांचा समज होता. प्रत्यक्षात तो भार डंटन आणि त्याचे मोजके सहकारी वाहत असत. १६९७ मध्ये हे नियतकालिक बंद पडले. अनाम प्रश्नकर्ता, अदृश्य उत्तरदाता आणि त्याच्या विद्वत्तेविषयीचा अतिरिक्त विश्वास, ही तीन लक्षणे पुढे तीनशे वर्षांनी भ्रमणध्वनीवर पुन्हा प्रकट झाली.

दुसरी परंपरा ग्रंथालयाची. अमेरिकेतील वूस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांनी १८७६ साली वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातील व्यक्तिगत संबंधांचे महत्त्व प्रतिपादन केले. आधुनिक संदर्भसेवेचा आरंभ येथून मानला जातो. वाचक जे विचारतो तेच त्याला हवे असते असे नाही, हे ग्रंथपालांनी अनुभवाने जाणले होते. या अनुभवाला रॉबर्ट टेलर यांनी १९६८ सालच्या आपल्या प्रसिद्ध लेखात शास्त्रीय रूप दिले. त्यांच्या मते माहितीची गरज चार पायऱ्यांनी व्यक्त होते. प्रथम ती मनातील अस्पष्ट अस्वस्थता असते. नंतर तिची जाणीव होते. पुढे ती नेमक्या शब्दांत मांडली जाते. शेवटी समोरची व्यवस्था काय देऊ शकेल याचा अंदाज घेऊन माणूस तिला मुरड घालतो आणि अशी तडजोड केलेला प्रश्न विचारतो. ग्रंथपालाचे कौशल्य हे या चौथ्या पायरीवरून मागे जाऊन मूळ गरजेपर्यंत पोहोचण्यात आहे. त्यासाठी त्याच्यापाशी एकच साधन असते, ते म्हणजे प्रतिप्रश्न.

‘शिवाजी महाराजांवरील पुस्तक आहे काय?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास वास्तविक एखाद्या किल्ल्याच्या बांधकामाविषयी निबंध लिहावयाचा असतो. अनुभवी ग्रंथपाल दोन-तीन प्रश्न विचारतो आणि त्याच्या हाती योग्य ग्रंथ ठेवतो. आपल्याकडील वैद्य, शिक्षक, कृषिसहायक हे सर्वजण हेच करीत आले आहेत. लघुसंदेशाच्या सेवांचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करावयास हवे.

एकशे साठ अक्षरांची चौकट

लघुसंदेशाची लांबी हा योगायोग नव्हता. जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ च्या सुमारास टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये लिहून त्यांतील अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत बसतात, असे त्यांना आढळले. पोस्टकार्ड व टेलेक्स यांवरील मजकूरही साधारणतः आटोपशीर असतो, या निरीक्षणाने त्यास पुष्टी मिळाली. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचा पहिला लघुसंदेश पाठविला. निरोप देण्यासाठी, वेळ कळविण्यासाठी, शुभेच्छा देण्यासाठी हे माध्यम उत्तम होते. पोस्टकार्डासारख्या एकमार्गी निरोपास पुरेल एवढी जागा त्यात होती.

प्रश्नोत्तराची गरज मात्र निराळी असते. प्रश्नामागे परिस्थिती असते आणि उत्तराबरोबर अटी असतात. ‘हे औषध घ्यावे काय?’ या प्रश्नास ‘रोगी कोण, वय काय, अन्य औषधे कोणती’ ही पार्श्वभूमी असते. उत्तर ‘होय’ असले तरी ‘परंतु’ हा शब्द त्याच्या मागोमाग येतोच. १६० अक्षरांच्या चौकटीत प्रश्नकर्त्याची परिस्थिती आणि उत्तरदात्याच्या अटी या दोन्ही गोष्टींना प्रथम कात्री लागली.

ब्रिटन आणि अमेरिका येथील सेवा

ब्रिटनमध्ये २००४ साली ‘एनी क्वेश्चन आन्सर्ड’ ही सेवा ६३३३६ या क्रमांकावर सुरू झाली. सिम्बियन या भ्रमणध्वनी-प्रणाली निर्माण करणाऱ्या कंपनीचे माजी प्रमुख कॉली मायर्स हे तिचे संस्थापक होते. एका उत्तरासाठी १ पौंड आकारला जाई. घरबसल्या काम करणारे संशोधक इंटरनेटच्या साह्याने उत्तर शोधून पाठवीत. याच सुमारास केंब्रिज येथून चालविली जाणारी ‘एटीटू आस्क’ ही सेवा लोकप्रिय झाली. पुढे ‘टेक्सपर्ट्स’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही सेवा २००८ च्या अखेरीस ‘केजीबी’ या अमेरिकन कंपनीने विकत घेतली. या कंपनीने अमेरिकेत प्रत्येक प्रश्नास ९९ सेंट आकारून अशीच सेवा दिली.

अमेरिकेत गूगलने ऑक्टोबर २००४ मध्ये लघुसंदेश सेवा सुरू केली. तीत माणसाचा सहभाग नव्हता. हवामान, शब्दार्थ, दुकानाचा पत्ता अशा ठरावीक साच्यातील प्रश्नांस यंत्र उत्तर देई. ही सेवा २०१३ साली बंद करण्यात आली. इंडियाना राज्यातील कार्मेल येथील ‘चाचा’ या कंपनीची स्थापना स्कॉट जोन्स व ब्रॅड बोस्टिक यांनी २००६ मध्ये केली. आरंभी मानवी मार्गदर्शकांच्या मदतीने चालणारे शोधयंत्र असे तिचे स्वरूप होते. २००८ पासून तिने लघुसंदेश व दूरध्वनी यांद्वारे विनाशुल्क उत्तरे देण्यास प्रारंभ केला आणि तरुण वर्गात ती अतिशय लोकप्रिय झाली. तिचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून होते. उत्तरे शोधणारे मार्गदर्शक बहुधा घरून, फावल्या वेळात काम करीत आणि त्यांना प्रत्येक उत्तरामागे काही सेंट मिळत. डिसेंबर २०१६ मध्ये ही कंपनी बंद पडली.

या सेवांची अर्थव्यवस्था लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या उत्तरांचे स्वरूप समजत नाही. सशुल्क सेवेत पैसे उत्तरासाठी घेतले जात. विनाशुल्क सेवेत जाहिरात उत्तराबरोबर जाई. मार्गदर्शकास मोबदला उत्तरामागे मिळे. तिन्ही ठिकाणी मोजणीचे परिमाण पाठविलेले उत्तर हेच होते. प्रश्नकर्त्याचे समाधान झाले की नाही, याची गणना या व्यवहाराच्या केंद्रस्थानी नव्हती. एका प्रश्नावर दहा मिनिटे खर्च करणारा विचक्षण मार्गदर्शक आणि एका मिनिटात पहिले सापडलेले वाक्य पाठविणारा मार्गदर्शक, यांना एका उत्तराचा मोबदला सारखाच. अशा स्थितीत प्रतिप्रश्न विचारणे म्हणजे मोबदल्याविना श्रम करणे होते.

या संदर्भात ‘गूगल आन्सर्स’ या संकेतस्थळावरील सेवेशी तुलना उद्बोधक ठरते. २००२ ते २००६ या काळात चाललेल्या या सेवेत प्रश्नकर्ता आपल्या प्रश्नाचे मूल्य स्वतः ठरवी. हे मूल्य २ ते २०० डॉलरपर्यंत असू शके. संशोधक उत्तर देण्यापूर्वी अधिक खुलासा मागू शके आणि उत्तरानंतर प्रश्नकर्ताही स्पष्टीकरण मागू शके. तेथे संवादासाठी जागा होती आणि श्रमास त्यानुरूप मूल्य होते. या सेवेतील उत्तरे दीर्घ व साधार असत. ती सेवाही टिकली नाही हे खरे. परंतु उत्तराचा दर्जा माध्यमाच्या रचनेवर किती अवलंबून असतो, हे तिच्यावरून दिसून येते.

असमाधानाचे प्रकार

उपरोक्त सेवांचे स्वरूप पाहता असमाधानकारक उत्तरांचे चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार चुकीच्या उत्तराचा. हा सर्वांत सहज लक्षात येणारा प्रकार असला तरी सर्वांत महत्त्वाचा नव्हे. चुकीचे उत्तर पडताळून पाहता येते आणि दुरुस्त करता येते.

दुसरा प्रकार अचूक परंतु निरुपयोगी उत्तराचा. ‘शेवटची गाडी किती वाजता?’ या प्रश्नास वेळापत्रकातील बिनचूक वेळ मिळते. परंतु त्या दिवशी सुटी असल्याने ती गाडी धावणार नसते. उत्तर देणाऱ्याने ‘कोणत्या दिवशी?’ एवढेच विचारले असते, तर प्रवासी अडकून पडला नसता.

तिसरा प्रकार निराळ्याच प्रश्नाच्या उत्तराचा. शब्द ओळखून उत्तर देणाऱ्या यांत्रिक सेवांत हा दोष विशेष आढळतो. यंत्राला शब्द दिसतो, हेतू दिसत नाही.

चौथा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. प्रश्न माहितीचा दिसतो, पण विचारणाऱ्यास आधार किंवा निर्णय हवा असतो. ‘परीक्षेत नापास झाल्यास पुन्हा केव्हा बसता येते?’ असे विचारणाऱ्यास तारीख हवी असेल किंवा धीरही हवा असेल. ब्रिटनमधील सेवांनी मतविषयक व व्यक्तिगत प्रश्नांस चटकदार उत्तरे देण्याची एक शैलीच विकसित केली. त्यामुळे करमणूक झाली. मात्र ज्याने ते प्रश्न गांभीर्याने विचारले, त्याची गरज तशीच राहिली.

यांपैकी पहिला प्रकार वगळता उरलेले तिन्ही एका प्रतिप्रश्नाने टळू शकले असते, ही बाब लक्षणीय आहे.

युगांडातील अनुभव

पाश्चात्त्य देशांत असमाधानकारक उत्तराची किंमत फार तर एक पौंड होती. तेथे ग्रंथालय, डॉक्टर, संगणक हे पर्याय हाताशी होते. जेथे असे पर्याय विरळ होते, तेथे हा प्रश्न गंभीर होता. पूर्व आफ्रिकेतील युगांडा येथे २००९ साली गूगल, ग्रामीण फाउंडेशन आणि एमटीएन ही दूरसंचार कंपनी यांनी एकत्र येऊन लघुसंदेशावर सल्ला देणारी सेवा सुरू केली. शेती आणि आरोग्य हे तिचे प्रमुख विषय होते. प्रश्न आला की यंत्र त्यातील शब्दांवरून आधीच तयार करून ठेवलेल्या सल्ल्यांच्या संग्रहात शोध घेई आणि जुळणारा सल्ला पाठवी.

यातील लैंगिक आरोग्यविषयक सेवेचे मूल्यमापन जॅमिसन, कार्लन आणि रॅफलर या संशोधकांनी केले व ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांत सेवेचा प्रसार करून आणि काही गावांत तो न करून त्यांनी तुलना केली व गटचर्चांतून ग्रामस्थांचे म्हणणेही ऐकले. विश्वसनीय माहिती सुलभ झाली की ज्ञान वाढेल आणि वर्तन अधिक सुरक्षित होईल, अशी योजकांची धारणा होती. निष्कर्ष मात्र उलट निघाला. ज्ञानात वाढ झाल्याचे दिसून आले नाही आणि धोकादायक वर्तन कमी झाले नाही. अनेक जोडीदारांशी संबंध ठेवण्याचे प्रमाण वाढल्याचेच आढळले.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. एका सेवेच्या अपयशावरून सर्व आरोग्यशिक्षण व्यर्थ ठरत नाही. तथापि एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. सल्ल्यांचा संग्रह विश्वसनीय होता, सेवा विनाशुल्क होती आणि तंत्रज्ञान अद्ययावत होते. एचआयव्हीने ग्रासलेल्या समाजातील तरुण माणूस ज्या भीतीने वा संकोचाने प्रश्न विचारतो, ती भीती ओळखून त्याला पुढचा प्रश्न विचारणारे मात्र तेथे कोणी नव्हते. गावातील आरोग्यसेविका हे काम करू शकते. संग्रहातील वाक्य ते करू शकत नाही.

भारत आणि महाराष्ट्र : सत्तर अक्षरांचा प्रश्न

भारतात भ्रमणध्वनीचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पुढील दशकात दर घसरत गेले आणि ग्रामीण भागातही साधा फोन पोहोचला. केरळमधील कासारगोड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी २००८ मध्ये ‘इन्नोझ’ ही कंपनी स्थापन केली. ‘एसएमएस ज्ञान’ नावाची तिची सेवा ५५४४४ या क्रमांकावर उपलब्ध झाली. प्रश्न पाठविल्यावर यंत्र इंटरनेटवरील मजकुरातून उत्तर काढून लघुसंदेशाच्या रूपात पाठवी. इंटरनेट नसलेल्यांना इंटरनेटवरील ज्ञान देण्याचा हा कल्पक प्रयत्न होता. परंतु दीर्घ मजकुराचा पहिला तुकडा म्हणजे उत्तर नव्हे, ही मर्यादा अशा सर्वच सेवांप्रमाणे येथेही होती.

मराठी भाषकांपुढे याखेरीज आणखी एक अडथळा होता आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही. लघुसंदेशाच्या एका खेपेत १४० बाइट मावतात. रोमन लिपीतील अक्षरास ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी वापरल्या जाणाऱ्या संकेतपद्धतीत प्रत्येक चिन्हास १६ बिट लागतात. परिणामी मराठी संदेशात केवळ ७० चिन्हे मावतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘प्रश्न’ हा शब्द लिहिताना आपणास दोन-तीन अक्षरे लिहिल्यासारखे वाटते. यंत्र मात्र त्याची सहा चिन्हे मोजते.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या शेतकऱ्याने पुढील प्रश्न लिहिला : ‘तुरीच्या शेंगांना कीड लागली आहे. कोणते औषध, किती पाण्यात फवारावे?’ मधल्या रिकाम्या जागा व विरामचिन्हे धरून यात ६५ चिन्हे होतात. आता केवळ ५ चिन्हे शिल्लक राहतात. तुरीचे वाण कोणते, पेरणी केव्हा झाली, अळीचा रंग कसा, यापूर्वी कोणती फवारणी केली, जमीन कोरडवाहू की बागायती, यांपैकी काहीही लिहिण्यास जागा उरत नाही. कृषितज्ज्ञ बांधावर आला असता, तर त्याने नेमक्या याच गोष्टी आधी विचारल्या असत्या. एकाहून अधिक संदेश जोडून पाठविता येतात. पण तसे करताना प्रत्येक भागातील चिन्हांची संख्या ६७ पर्यंत घटते आणि प्रत्येक भागाचा आकार स्वतंत्रपणे मोजला जातो.

तेव्हाच्या अनेक फोनांवर देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती. म्हणून लोक रोमन लिपीत मराठी लिहीत. त्यामुळे जागेचा प्रश्न सुटला, परंतु अर्थाचा प्रश्न उभा राहिला. ‘कीड’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला की तो इंग्रजीतील लहान मुलाच्या अर्थाच्या शब्दासारखा दिसू शकतो. शब्द जुळवून उत्तर देणाऱ्या यंत्रापुढे असा प्रश्न गेला, तर अळीऐवजी बालसंगोपनाचा सल्ला येण्याची शक्यता नाकारता येत नाही.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २००७ मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू झाली. बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मराठीतून लघुसंदेशाने पाठविणारी ही सशुल्क सेवा होती. येथे शेतकरी प्रश्न विचारीत नसे. पीक व ठिकाण यांनुसार माहिती त्याच्याकडे येत असे. म्हणजे प्रश्न न विचारताच मिळणारे हे उत्तर होते. फाफशाँ आणि मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत या सेवेच्या परिणामाचा अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शेतकऱ्यास मिळालेला भाव, पावसामुळे होणारे नुकसान, वाण वा मशागतीतील बदल यांवर सरासरीने लक्षणीय परिणाम आढळला नाही. संदेश मराठीत होते आणि माहिती नियमित होती. तरीही ती प्रत्येक शेतकऱ्याच्या निर्णयाशी जोडली गेली नाही. ‘लासलगावी आज अमुक भाव आहे’ हे कळल्यावर ‘मग मी आज माल न्यावा की थांबावे?’ हा शेतकऱ्याचा खरा प्रश्न उरतोच.

आवाजाकडे आणि संवादाकडे

याच काळात भारतात प्रतिप्रश्नास वाव देणारे काही प्रयोग झाले. त्यांची तुलना येथे उपयुक्त आहे. केंद्र शासनाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. शेतकऱ्याने आपल्या भाषेत बोलावे, कृषिपदवीधराने ऐकावे आणि अवघड प्रश्न तज्ज्ञाकडे सोपवावा, अशी तिची रचना होती. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये ‘आक्वा’ हे बहुभाषक प्रश्नोत्तर व्यासपीठ विकसित केले. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सहकार्याने तेथे मराठीतून प्रश्न विचारता येत आणि एकाच प्रश्नाखाली पुढील विचारणा करता येई. रोझ शुमन यांच्या ‘क्वेश्चन बॉक्स’ या उपक्रमात २००७ मध्ये दिल्लीनजीकच्या खेड्यात एक पेटी बसविण्यात आली. तिचे बटण दाबले की इंटरनेटपुढे बसलेल्या व्यक्तीशी हिंदीतून बोलता येई.

गुजरातमधील ‘आवाज ओटलो’ ही ध्वनिसेवा तर विशेष उल्लेखनीय आहे. शेतकरी आपला प्रश्न आपल्या आवाजात नोंदवीत आणि कृषितज्ज्ञांचे उत्तर त्यांना ऐकावयास मिळे. कोल आणि फर्नांडो यांनी सुरेंद्रनगर भागातील कापूस उत्पादकांत केलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतकऱ्यांनी या सल्ल्यावर विसंबण्यास प्रारंभ केला आणि शिफारस केलेल्या निविष्ठांचा वापर वाढला, असे आढळले. महाराष्ट्रातील सेवेशी या निष्कर्षाची सरळ बरोबरी करणे योग्य नाही. पीक, काळ व अभ्यासपद्धती भिन्न आहेत. तरीही शेतकऱ्यास स्वतःचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत, लांबीची धास्ती न बाळगता मांडता आला, हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नव्हे. बोलणारा माणूस लिहिणाऱ्यापेक्षा अधिक सांगतो. कशासाठी विचारतो आहे, हे तो न विचारताच सांगून जातो.

निष्कर्ष

१) लघुसंदेशावरील प्रश्नोत्तर सेवांचे अपयश हे केवळ माहितीच्या अभावाचे अपयश नव्हते. माहिती अचूक व विश्वसनीय असतानाही उत्तरे निरुपयोगी ठरल्याची उदाहरणे आढळतात.

२) माध्यमाची लांबी आणि उत्तरामागे मोबदला देण्याची पद्धत, या दोहोंनी मिळून प्रतिप्रश्न हद्दपार केला. टेलर यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, तडजोड केलेला प्रश्न हाच अंतिम प्रश्न मानला गेला.

३) मराठी भाषकास इंग्रजी भाषकाच्या तुलनेत निम्म्याहून कमी जागा मिळाली. तंत्रज्ञानातील भाषिक विषमतेचे हे मोजता येण्याजोगे उदाहरण आहे.

४) ज्या समाजात तज्ज्ञ दूर आहेत, तेथे असमाधानकारक उत्तराची किंमत सर्वाधिक असते. त्यामुळे अशा सेवांचे यश पाठविलेल्या उत्तरांच्या संख्येवरून ठरविणे दिशाभूल करणारे आहे.

समारोप

इतिहासाच्या साधनांविषयी एक मुद्दा येथे नोंदविणे आवश्यक वाटते. ज्या माणसाला उत्तर पटले नाही, तो बहुधा तक्रार करीत नाही. तो पुन्हा विचारीत नाही, एवढेच. पाठविलेले उत्तर कंपनीच्या हिशेबात जमा होते. त्या उत्तराने ज्याचे काम झाले नाही, त्याचे मौन कोठेही जमा होत नाही. म्हणून या सेवांचा इतिहास लिहिताना दिलेल्या उत्तरांच्या आकड्यांइतकेच महत्त्व न विचारल्या गेलेल्या दुसऱ्या प्रश्नास द्यावे लागते.

२०२२ नंतर संभाषण करणारी संगणकीय साधने सर्वसामान्यांच्या हाती आली आहेत. अक्षरांची मर्यादा त्यांना जाचत नाही आणि मराठीतूनही त्यांच्याशी बोलता येते. लघुसंदेशाच्या काळातील अडचणी त्यामुळे पुष्कळ अंशी दूर झाल्या. परंतु दीर्घ उत्तर म्हणजे समाधानकारक उत्तर नव्हे. ६५ चिन्हांत आपली तूर वाचविण्याचा उपाय विचारणाऱ्या शेतकऱ्यास उत्तर देण्यापूर्वी ‘अळी कोणत्या रंगाची आहे?’ असे कोणी विचारते की नाही, हीच आजच्या साधनांचीही कसोटी राहील. ग्रीन यांनी १८७६ मध्ये ग्रंथपालांस जे सांगितले, त्याचे मोल अद्याप कमी झालेले नाही.